पुरण्याआधी एकदा पोट उघडा

पिकाची नासाडी करणारा रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर परवानगी काढून मारला, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, पंच सह्या करतात, मोबाइलवर फोटो निघतात आणि मग खड्डा खणला जातो किंवा लाकडं रचली जातात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे मेलेलं जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता. त्याचं मांस कोणी वाटून घेऊ नये, दात-शिंगं कोणी घरी नेऊ नयेत, यासाठी हे सोपस्कार. हेतू बरोबरच आहे. माझी तक्रार एवढीच, की या सरकारी मालमत्तेतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट आपण न बघताच मातीत घालतो. ती म्हणजे त्या जनावराचं पोट आणि पोटातले जंत.

परवानगीने मारलेली जनावरं तशी थोडीच. राज्य सरकारने २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरासाठी परवानगीची पद्धत सोपी केली, पण आपल्या विदर्भातल्या कास्तकाराकडे बंदूक असते कुठे? ही जनावरं जास्त करून दुसऱ्याच वाटांनी मरतात. कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, कुंपणात सोडलेल्या चोरट्या विजेला चिकटतात, नागपूर-जबलपूर रोडवर ट्रकखाली येतात, गावठी बॉम्ब चावतात. मरण कसंही येवो, कागद तोच आणि खड्डाही तोच. पंचनाम्यात नर की मादी, वय अंदाजे किती, जखम कुठे, एवढं लिहिलं जातं. आत काय होतं, हा रकानाच नसतो.

वाघाच्या बाबतीत असं होत नाही. वाघ मेला की राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती लागू होते. पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, चित्रीकरण होतं, अवयवांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. त्याचा फायदा नागपूरने अलीकडेच पाहिला. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट मेले. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि कारण कळलं: बर्ड फ्लू. खाण्यातल्या कोंबडीतून तो आला असावा, असा संशय होता. नमुने गेलेच नसते तर आपण उष्णता, विषबाधा, वय असं काहीतरी लिहून मोकळे झालो असतो. मग वाघाच्या ताटातल्या कोंबडीबद्दल आपण इतके सावध, तर जंगलात तो रोज जे खातो त्या रानडुकराबद्दल आणि रोह्याबद्दल इतके बेफिकीर का?

वाघ मात्र इथे केवळ निमित्त आहे. माझा मुद्दा शेळीचा आहे, कुत्र्याचा आहे आणि माणसाचाही आहे.

रोही, काळवीट, चौसिंगा, चिंकारा ही आपल्या भागातली कुरंग मंडळी. ज्यांची शिंगं दरवर्षी गळतात त्या चितळ-सांबरांपेक्षा यांचं नातं गाय, शेळी आणि मेंढीशी जवळचं. सगळी एकाच कुळातली. त्यामुळे यांच्या पोटात राहणारे पाहुणेही बरेचसे सामाईक. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे हिमॉन्कस. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा गोल कृमी चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो. मादी डोळ्यांना स्पष्ट दिसते: रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याला वेढे घालून बसलेले पांढरे अंडाशय. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एका शेळीच्या पोटात असे पाच हजार असतील तर दिवसाला पाव लिटर रक्त जातं. मग शेळीची पापणी आतून पांढरीफटक पडते, जबड्याखाली पाणी उतरतं, ती कळपाच्या मागे राहू लागते आणि एका सकाळी उठत नाही. मालक म्हणतो, नजर लागली किंवा काहीतरी विषारी खाल्लं. एक मादी जंत रोज पाच हजारांहून जास्त अंडी घालते, ती सगळी लेंड्यांबरोबर गवतावर येतात.

आपल्या उन्हाशी या जंताचा संबंध मला फार रंजक वाटतो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा उघड्यावरच्या अंड्या-अळ्या वाळून मरतात. माळ स्वच्छ होतो म्हणा ना. पण जंताने याचीही सोय करून ठेवली आहे. कोरडे दिवस आले की गिळलेल्या अळ्या जठराच्या अस्तरात शिरून आपली वाढ थांबवतात आणि उन्हाळा तिथेच काढतात. मृगाचा पाऊस झाला, हवेत दमटपणा आला, की त्या जाग्या होतात, मोठ्या होतात, अंडी घालू लागतात. आणि ओल्या उबदार मातीत आठवड्याभरात नव्या अळ्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. म्हणजे जुलैतल्या शेळीच्या आजाराचं बियाणं एप्रिल-मेमध्ये कुठल्या तरी पोटात जपलेलं असतं. ते पोट शेळीचं असेल, मेंढीचं असेल, नाहीतर रोह्याचं.

आता रोह्याच्या सवयी पाहा. तो ठरावीक जागी जाऊन लेंड्या टाकतो; धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला त्याचे ढीग साचतात आणि दुसरे रोहीही तिथेच येतात. रात्रीतून तो या वावरातून त्या वावरात, या शिवारातून त्या शिवारात जातो. उन्हाळ्यात गुरं ज्या तलावावर, ज्या नाल्याच्या डोहावर पाणी पितात, तिथेच रात्री तोही येतो. मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या, काठचा चिखल आणि शंख-गोगलगायी म्हणजे पर्णकृमींचं माहेर. गुरांचं यकृत पोखरणारा फॅसिओला गोगलगायीतूनच पुढे जातो. एकाच काठावर गाय, शेळी आणि रोही चरत असतील तर कोणाचा जंत कोणाकडे गेला याचा हिशेब कोणी ठेवायचा?

इतर देशांनी थोडाफार ठेवला आहे. कझाकस्तानात सैगा नावाचं कुरंग दरवर्षी शेकडो किलोमीटरचं स्थलांतर करतं. वाटेतल्या मेंढ्यांच्या कुरणांवरून जाताना ते एका भागातले जंत दुसऱ्या भागात कसे नेतं, याचा अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमध्ये तर जास्त काळजीची गोष्ट सापडली. तिथल्या रानटी हरणांच्या पोटात असे हिमॉन्कस मिळाले, ज्यांच्यावर बेंझिमिडाझोल गटातली औषधं चालत नव्हती. आपल्याकडे शेळ्यांना पाजलं जाणारं अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल याच गटातलं. हरणाला जंतनाशक कोणी पाजलेलं नव्हतं. मेंढ्यांमध्ये औषधाला निर्ढावलेले जंत तयार झाले, ते कुरणातून हरणात गेले आणि हरीण त्यांना कुंपण ओलांडून पुढच्या फार्मवर नेऊ शकतं, हे त्यातून कळलं. औषधाला दाद न देणारे जंत भारतातल्या शेळ्या-मेंढ्यांमध्येही नोंदले गेले आहेत. मग उमरेडचा, कुहीचा, रामटेकचा रोही कोणते जंत घेऊन फिरतो? हे कळायचं असेल तर मेलेल्या रोह्याचं जठर उघडून, धुऊन, गाळून जंत मोजावे लागतील. दुसरा मार्ग लेंड्या तपासण्याचा. तो सोपा आणि स्वस्त, पण त्यातून अंडी मोजता येतात, जंत नव्हे. उन्हाळ्यात अस्तरात दडलेल्या अळ्या तर लेंड्यांत दिसतच नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. ‘रोह्याच्या पोटात शेळीचे जंत’ अशी बातमी आली, की पुढचं वाक्य आपोआप येईल: पाहा, रोही रोग पसरवतो, मारा त्याला. हे उलटंही असू शकतं. ज्या माळावर वर्षानुवर्षं शेकडो शेळ्या-मेंढ्या चरतात, तिथे जंतांचा मोठा साठा पाळीव जनावरांचाच असणार. रानातलं जनावर त्यात नंतर येऊन चरतं. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटांसारखी, गवताळ माळावर जगणारी जनावरं तर गुरांच्या सान्निध्यातच वाढतात. म्हणजे आपणच दिलेले जंत ती वागवत असतील. दोन्हीकडच्या जंतांची जनुकीय तुलना केली तर दिशा बऱ्यापैकी कळू शकते. तोवर दोघांपैकी कोणालाही आरोपी करू नये. पण चौकशीच करायची नाही, हा काही निष्पक्षपणा नव्हे.

रानडुकराची गोष्ट वेगळीच. ते सगळं खातं: कंदमुळं, भुईमूग, मका, किडे, गांडुळं, उंदीर, मेलेली जनावरं. म्हणून त्याच्या अंगातले जंत त्याच्या खाण्याचा इतिहासच सांगतात. डुकराच्या फुप्फुसात मेटास्ट्राँगिलस नावाचे दोऱ्यासारखे पांढरे कृमी राहतात; ते गांडूळ खाल्ल्याशिवाय डुकरात येऊच शकत नाहीत, कारण त्यांच्या अळ्यांची वाढ गांडुळात होते. आतड्यात डोक्याला काटे असलेला एक जाडजूड कृमी सापडतो. त्याच्या अळ्या शेणकिड्यांच्या आणि भुंगेऱ्यांच्या जमिनीतल्या अळ्यांमध्ये वाढतात. आपला कास्तकार ज्यांना हुमणी म्हणून शिव्या घालतो, त्याच कुळातल्या. रानडुक्कर वावर उकरतं तेव्हा ते सोयाबीन बिघडवतं हे खरं, पण त्याच वेळी ते हुमणीही खात असतं. याने पिकाच्या नुकसानीची भरपाई होत नाही, मला ठाऊक आहे. पण एखाद्या शिवारातल्या डुकरांमध्ये हे काटेरी कृमी भरपूर निघाले, तर त्या जमिनीत काय चाललंय याचा कृषी विभागाला फुकटात अंदाज येतो.

माणसाच्या दृष्टीने डुकरातला खरा धोका ट्रिचिनेलाचा. हा कृमी फार छोटा, आणि त्याच्या अळ्या आतड्यात न राहता स्नायूत गुंडाळी करून बसतात. असं मांस कच्चं-अर्धकच्चं खाल्लं की त्या खाणाऱ्याच्या स्नायूत जातात. १८३५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकणाऱ्या जेम्स पॅजेट या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शवविच्छेदनाच्या वेळी स्नायूंमध्ये पांढरे ठिपके पाहिले आणि त्यांच्यात कृमी आहे हे ओळखलं. १८६० मध्ये ड्रेस्डेनमध्ये झेंकर यांना एका मृत तरुणीच्या स्नायूंत त्याच अळ्या सापडल्या, आणि तिने खाल्लेल्या डुकराच्या मांसापर्यंत माग गेला. लक्षात घ्या, दोन्ही वेळा शोध लागला तो कोणीतरी मेलेलं शरीर नीट उघडून पाहिल्यामुळे. आज युरोपीय संघात विक्रीसाठी येणाऱ्या रानडुकराच्या मांसाची ट्रिचिनेलासाठी तपासणी सक्तीची आहे. आपल्याकडे तो आहे की नाही हा प्रश्नही उरलेला नाही. उत्तराखंडात एका गावजेवणात रानडुकराचं मांस खाऊन लोक आजारी पडले आणि उरलेल्या मांसात या अळ्या सापडल्या, हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे.

आपल्या भागात रानडुक्कर कोणी खात नाही असं कागदावर लिहायला हरकत नाही. राजेहो, कागदावरच. प्रत्यक्षात विजेच्या तारेला चिकटलेलं डुक्कर वनखात्याला कळण्याआधी चार घरांत वाटलं जातं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. घरी सावजी पद्धतीने तासभर शिजवलेल्या रश्श्याची मला फारशी धास्ती नाही. मांस आतपर्यंत ७१ अंशांवर गेलं की अळ्या मरतात. त्या उष्णतेने मरतात, तिखटाने नव्हे, एवढं मात्र सांगायला हवं. धोका वावरातच निखाऱ्यावर घाईघाईत भाजलेल्या तुकड्याचा आणि वाळवून, धुरावून ठेवलेल्या मांसाचा. मीठ आणि धूर यांचा भरवसा धरता येत नाही.

आणि मग तो माणूस आजारी पडतो. आधी जुलाब, मग ताप, डोळ्यांभोवती सूज, अंग मोडून निघाल्यासारखं दुखणं. तालुक्याच्या दवाखान्यात याचा अर्थ टायफॉइड, डेंग्यू, चिकुनगुन्या असा लागतो, कारण तेच रोज दिसतात. डॉक्टरने विचारलंच, ‘काय खाल्लं होतं?’ तर रुग्ण काय सांगणार? रानडुकराचं मटण म्हटलं तर तो गुन्ह्याची कबुली देतो. तो म्हणेल, ‘काही नाही, डॉक्टरसाहेब, घरचंच.’ डुकरांमध्ये हा कृमी कितपत आहे हे आधीच ठाऊक असेल, तर डॉक्टरला रुग्णाच्या खरेपणावर विसंबावं लागत नाही. ‘या तालुक्यात हे असतं’ एवढ्या माहितीवर तो रक्तातल्या इओसिनोफिलकडे, म्हणजे जंतांच्या लागणीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींकडे, नीट बघेल. ज्या ठिकाणी कायद्यामुळे माणूस गप्प बसतो, तिथे मेलेल्या जनावराला बोलतं करावं लागतं.

पट्टकृमीच्या बाबतीत मात्र रानडुकराला उगाच बदनाम करू नये. मेंदूत गाठी करून फिट आणणारा टीनिया सोलियम मुख्यतः माणसाच्या विष्ठेवर वाढणाऱ्या मोकाट डुकरांच्या आणि माणसांच्या साखळीतला. मेंदूतल्या गाठी मांस खाल्ल्याने थेट होत नाहीत. त्या होतात माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने. म्हणून सांडपाण्यावर वाढलेली कोथिंबीर न धुता खाणाऱ्या शाकाहाऱ्यालाही त्या होऊ शकतात. हा प्रश्न नाग नदीच्या काठाचा आहे, पेंचच्या जंगलाचा नाही.

कुत्र्याकडे मात्र बघावंच लागेल, कारण सगळ्या साखळीतला तो दुवा आपण स्वतः तयार करतो. चोरून मारलेलं जनावर जागेवरच सोललं जातं आणि आतडी, फुप्फुसं, यकृत तिथेच टाकून माणसं निघून जातात. ते खातात गावची कुत्री. शेळी कापताना आतड्याच्या पडद्याला लोंबणारी, पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी खाटकाला चांगली ओळखीची असते. तो ती काढून दारातल्या कुत्र्याला टाकतो. ती एका पट्टकृमीची बालावस्था. रानडुकरात आणि रोह्यातही ती असते. कुत्र्याने खाल्ली की त्याच्या आतड्यात पूर्ण वाढीचा पट्टकृमी होतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर जातात आणि चक्र पुन्हा शेळीत येतं. याचाच चुलत भाऊ एकायनोकॉकस. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून खड्डा खोल हवा, जाळायचं तर पूर्ण जाळायला हवं, हे मला मान्यच आहे. उथळ खड्डा म्हणजे कुत्र्यांना आमंत्रण. मी म्हणतो ते एवढंच, की खड्ड्यात ढकलण्याआधी तासभर द्या.

या तासभराला लागणारं सगळं नागपुरात आहे, ही यातली विचित्र गोष्ट. १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला. २००० पासून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय फुटाळ्याच्या रस्त्यावर. त्याच विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्यात. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय, वनभवन, सिव्हिल लाइन्सला. आणि माणूस, जनावर, जंगल यांचं आरोग्य एकत्र पाहण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय एक-आरोग्य संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला याच शहरात झाली. एका कार्यालयातून दुसऱ्यात स्कुटीवर जाता येतं. पण मेलेल्या रोह्याच्या जठराला या वाटेने प्रवास करायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संशोधन-परवानगी लागते, प्रस्ताव लागतो, उद्देश लिहावा लागतो. तो कागद हलेपर्यंत विदर्भाच्या उन्हात जनावर कुजतं. ही अट योग्यच, पण पिकावरून मारलेल्या किंवा रस्त्यावर मेलेल्या रोही-डुकरांच्या नमुन्यांसाठी एकदाच कायमची परवानगी द्यायला काय हरकत आहे? वनखातं आणि विद्यापीठ यांच्यात एक करार आणि पंचनाम्याच्या नमुन्यात एक जादा रकाना. एवढ्यात काम सुरू होईल.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. लेंड्यांचा नमुना, जठर दोन्ही टोकांनी बांधून, यकृताचा आणि फुप्फुसाच्या मागच्या टोकाचा तुकडा, आणि रानडुक्कर असेल तर छाती-पोटामधल्या पडद्याचा स्नायू. या पडद्याच्या मुळाशी ट्रिचिनेलाच्या अळ्या जास्त असतात. तो तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकायचा नाही, बर्फात ठेवायचा; कारण प्रयोगशाळेत पेप्सिन आणि आम्लाने मांस विरघळवून अळ्या शोधतात, आणि फॉर्मलिनमध्ये घट्ट झालेलं मांस विरघळत नाही. लेंड्यांसाठी मिठाचं संपृक्त पाणी, मोजणीची काचपट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. विहिरीत दोन दिवस तरंगलेलं जनावर सोडून द्यावं, त्यातून काही हाती लागत नाही. आणि मथळ्यात मी काहीही म्हटलं असलं तरी एक जनावर उघडायचं नाही म्हणजे नाहीच: ज्याच्या नाकातोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येतंय. तो अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, असू शकतो, आणि उघड्या हवेत त्याचे बीजाणू तयार झाले की ती जमीन वर्षानुवर्षं धोक्याची राहते. म्हणूनच हे काम वनरक्षकाच्या हातात चाकू देऊन करायचं नाही, पशुवैद्यकानेच करायचं.

इथे पहिला आक्षेप येतो: पशुवैद्यक आहेत कुठे? एकेका डॉक्टरकडे दोन-दोन दवाखान्यांचा भार, लसीकरणाच्या मोहिमा वेगळ्या, त्यात रोह्याचं जठर. आक्षेप खरा आहे. म्हणून प्रत्येक जनावर तपासा असं मी म्हणतच नाही. नागपूर जिल्ह्यातले दोन-तीन तालुके घ्या, जंगलालगतचा एक आणि निव्वळ शेतीचा एक तरी असू द्या, आणि पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलांना दुचाकीचं पेट्रोल द्या. कृमीशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी साहित्य हवंच असतं. बरेच जण कत्तलखान्यातल्या शेळ्यांवर वर्ष काढतात.

दुसरा आक्षेप कास्तकाराचा, आणि तो चिडका आहे. रात्रभर मचाणावर जागल करून हरभरा राखायचा, तरी सकाळी अर्धा वाफा आडवा. वर नुकसानभरपाईचा अर्ज ऑनलाइन भरायचा. आणि हे महाशय जंत मोजायला सांगतात. हा राग मला समजतो. हिवाळी अधिवेशनात दर वर्षी या रागाच्या नावावर भाषणं होतात, आणि अधिवेशन उठलं की रोही पुन्हा वावरात असतो. जंत मोजल्याने रोही कमी होणार नाहीत, भरपाई लवकर मिळणार नाही. ते प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांचं उत्तर स्वतंत्रपणे द्यावंच लागेल. पण त्याच कास्तकाराच्या घरी पाच-दहा शेळ्या असतात, पोरीच्या लग्नाला आणि पऱ्हाटी बुडाल्यावर त्याच उपयोगी पडतात. त्या शेळ्यांना कोणतं जंतनाशक कधी पाजायचं, हे सध्या औषध दुकानात काय शिल्लक आहे त्यावर ठरतं. मेलेला रोही त्याचं पीक परत देणार नाही, पण शेळीबद्दल काही सांगू शकत असेल तर ते ऐकून घेण्यात त्याचं काय जातं?

तिसरा विचार आक्षेप नाही, उत्साह आहे, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. जंत सापडले की कोणीतरी सुचवेल: पाणवठ्यावर मिठाच्या ढेपेतून जंतनाशक ठेवा, सगळं जंगल निर्जंतुक करा. प्राणिसंग्रहालयात हे चालतं, जंगलात नाही. व्हेनेसा इझेन्वा आणि ॲना जोल्स या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात रानम्हशींवर हा प्रयोग केला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. जंतनाशक दिलेल्या म्हशी क्षयरोगाची लागण झाल्यावरही जास्त दिवस जगल्या. चांगलंच झालं की. पण जास्त दिवस जगल्या म्हणून जास्त दिवस क्षय पसरवत राहिल्या. त्यांच्या हिशेबाप्रमाणे कळपात क्षय पसरण्याची क्षमता सुमारे आठपट झाली. पोटातला जंत आणि फुप्फुसातला जिवाणू यांच्यात काय ओढाताण चालते हे बाहेरून कळत नाही. शिवाय डोस कोणाला किती गेला याचा पत्ता नसल्याने अर्धवट औषध मिळालेले जंत निर्ढावतात, आणि आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांना मारतं. जंगलातल्या जनावराच्या पोटात थोडे जंत असणं हा आजार नाही, तो त्याच्या जगण्याचा भाग आहे. आपल्याला ते काढायचे नाहीत. कोणते, किती, कोणत्या महिन्यात आणि औषधाला दाद देणारे की न देणारे, एवढं कळून घ्यायचं आहे.

हे कळलं तरी ते कुठे जाणार, हा शेवटचा आणि खरा अडचणीचा प्रश्न. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणखी एक काळ्या बांधणीचा प्रबंध जाऊन बसला, तर मी हे सगळं लिहिलंच नसतं तरी चाललं असतं. निकाल दोन ठिकाणी जायला हवा: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात. पहिल्याला शेळ्यांसाठी, दुसऱ्याला तापाच्या रुग्णांसाठी. आणि तो वेळेवर जायला हवा. एप्रिल-मेमध्ये मेलेल्या रोह्यांच्या जठरात दडलेल्या अळ्यांचा आकडा जूनच्या मध्यापर्यंत उमरेडच्या डॉक्टरच्या टेबलावर आला, तर पावसाळ्याआधीच्या जंतनाशकाच्या फेरीत कोणतं औषध मागवायचं हे त्याला ठरवता येईल. सप्टेंबरात आला तर शेळ्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.